अ‍ॅव्होकाडोचं गोड आणि तिखट, दुधातुपाशिवाय

आमच्या सोलापूरच्या ताटातलं निम्मं जेवण मुळातच व्हीगन आहे. ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, ठेचा, हुलग्याचं माडगं, शेंगांची म्हणजे शेंगदाण्याची आमटी. यात दूध नाही, दही नाही, तूप नाही. अडतं ते मोजक्या जागी. भाकरीवर घेतलेलं लोणी, धपाट्याच्या पिठातलं दही, आणि केक-बिस्किटातलं लोणी. माझी थोरली मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली, तिथं तिनं दूधदुभतं सोडलं, आणि या जागा भरायचं काम माझ्याकडे आलं. मी जुळे सोलापुरात घरूनच डबे देते आणि केकच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे जे तिच्यासाठी केलं ते गिऱ्हाइकांच्याही ताटात गेलं. अ‍ॅव्होकाडोनं यातल्या बहुतेक जागा भरल्या. कुठं भरल्या, कुठं नाही, ते सगळं इथं सांगते.

पहिली गोष्ट, याच्याकडे फळ म्हणून बघू नका. फोडी करून कोशिंबिरीत टाकलं तर ते पांचट लागतं आणि घरातली माणसं बाजूला सारतात. हा स्निग्ध पदार्थ आहे. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम स्निग्धांश असतो, आणि त्यातला मोठा भाग ओलेइक आम्लाचा, जे शेंगतेलातही भरपूर असतं. म्हणजे जिथं लोणी, साय किंवा घट्ट दही वापरलं असतं, तिथं हा गर जातो. त्याला स्वतःची चव फार थोडी, म्हणून मीठ हवं, आंबट हवं आणि सोबतीला काहीतरी खमंग हवं. मेक्सिकोत, जिथलं हे झाड मूळचं, तिथली माणसं मक्याच्या पोळीबरोबर लिंबू, मिरची, कांदा घालूनच खातात. आपल्याकडे ज्वारी आहे, लिंबू आहे, शेंगा आहेत. वेगळं सामान आणायला जायची गरज नाही.

फळ निवडणं आणि पिकवणं

सोलापुरात दोन तऱ्हेची फळं मिळतात. एक परदेशातून येणारं, जाड खडबडीत सालीचं, पिकलं की काळपट जांभळं होणारं. हे हास जातीचं. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमननं आपल्या बागेतल्या झाडाचं १९३५ मध्ये पेटंट घेतलं होतं, त्याचंच नाव जातीला आहे. दुसरं आपल्या दक्षिणेतलं, कूर्ग, वायनाड, निलगिरी भागातलं, तिकडे ज्याला बटर फ्रूट म्हणतात ते. मोठं, गुळगुळीत सालीचं, आणि पिकलं तरी बहुतेक हिरवंच राहतं. मुलगी पावसाळ्यात उद्यान एक्स्प्रेसनं येते तेव्हा पिशवी भरून हेच आणते.

दोन्हींचा वापर वेगळा करा. हासचा गर दाट आणि स्निग्ध, म्हणून चटणी, क्रीम, बिस्किटं यांना तो चांगला. कूर्गच्या फळात पाणी जास्त असतं, ते शेक, धपाटे आणि केकला उत्तम. केकला हास वापरून पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

हे फळ झाडावर पिकत नाही, तोडल्यावर पिकतं. म्हणून दुकानातून कडक फळ आणलं तर काही बिघडत नाही, उलट मी कडकच घेते. मी सात रस्त्याजवळच्या फळवाल्याकडून घेते, आणि तो कितीही म्हणाला “ताई, आजच खायला घ्या”, तरी मऊ पडलेलं घेत नाही. मऊ फळ दहा गिऱ्हाइकांनी दाबून बघितलेलं असतं, आणि जिथं बोट रुतलं तिथं आत काळा डाग पडतो. दाबायचं असेल तर फळाचं पोट दाबू नका, देठाजवळ अंगठा हलकेच टेकवा. तिथं किंचित दबलं की फळ तयार.

घरी पिकवायला ज्वारीचा डबा. आपण सीताफळ धान्यात घालतो तसंच. पिकताना फळातून इथिलीन वायू सुटतो आणि धान्यात तो अडकून राहतो, त्यामुळे फळ सगळीकडून सारखं पिकतं. धान्य नसेल तर कागदात गुंडाळून पिकत आलेल्या केळ्याशेजारी ठेवा. एप्रिल-मेमध्ये मात्र सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा डबा ओट्यावर किंवा पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका. अति उष्णतेत फळ बाहेरून मऊ आणि आतून कच्चं राहतं, त्याला वासही येतो. आमच्याकडे उन्हाळ्यात तो डबा माठाच्या तिवईखाली असतो. रोज एकदा हात घालून देठ तपासायचा. पिकलं की लगेच फ्रीजमध्ये, तिथं दोन-तीन दिवस टिकतं. कच्चं फळ फ्रीजमध्ये गेलं की त्याचं पिकणंच थांबतं, बाहेर काढल्यावरही ते नीट पिकत नाही.

कापताना सुरी उभी फिरवून दोन्ही अर्ध उलट दिशांना पिळा, ते सुटतात. बी चमच्यानं उचला. बीवर सुरी मारून ती काढायची पद्धत व्हिडिओत दिसते, ती करू नका, सुरी घसरून तळहात कापतो. गर चमच्यानं सालीला घासून काढा, कारण सालीलगतचा गडद हिरवा थर सगळ्यात सत्त्वाचा असतो. काळ्या रेषा किंवा दोरे दिसले तर तेवढा भाग टाका. खवट वास आला तर पूर्ण फळ टाका, मसाल्यानं तो वास झाकला जात नाही.

गर हवेला लागला की काळपट होतो. त्यावर ताबडतोब लिंबू पिळायचं, एका फळाला एक चमचा रस. मग वाटीत गर दाबून बसवायचा आणि प्लास्टिकचा कागद थेट गरावर चिकटवायचा, मध्ये हवा राहता कामा नये. वरचा थर तपकिरी झालाच तर तेवढा खरवडून काढा, खालचं चांगलं असतं.

शेंगा चटणीबरोबर

यापासूनच सुरुवात करा, कारण यात गॅसही पेटवावा लागत नाही. एका हास फळाचा गर घ्या. त्यात एक चमचा लिंबाचा रस, पाव चमचा मीठ आणि लसणाची एक पाकळी अगदी बारीक ठेचून घाला. काट्यानं मोडायचं, मिक्सर नको. थोडे गोळे राहू द्या, तोंडात यायला हवेत. वर दोन चमचे शेंगा चटणी.

चटणी मात्र उखळातली हवी. मिक्सरमधली चटणी भुकटी होते, आणि भुकटी ओल्या गरावर पडली की गिचका होतो. उखळात भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं आणि मीठ कुटत राहिलं की एका टप्प्यावर मुसळाला तेल लागायला लागतं, चटणी कडेला सरकते आणि तिचे ओलसर गोळे होतात. बोटाच्या चिमटीत धरली तर बोट चकाकतं. ती तेल सुटलेली चटणी गरावर घातली की दोन्ही स्निग्ध पदार्थ एकमेकांत मिसळतात आणि तिखट जिभेवर हळू पसरतं. मीठ बेतानं घाला, चटणीतही असतं.

खायचं कडक भाकरीवर. पापडासारखी पातळ, वाळवलेली, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची असेल तर उत्तम. भाकरीचा तुकडा मोडा, गर लावा, चटणी पेरा, कांद्याच्या बारीक फोडी टाका आणि लगेच खा. पाच मिनिटं ठेवलं तरी भाकरी नरमते. पाहुणे असतील तर गर, चटणी, कांदा वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा, ज्याचं त्यानं लावून घ्यावं. माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, दात नाहीत. त्या गरम भाकरी कुस्करून त्यात हाच गर कालवतात आणि म्हणतात, “लोणी कढवायचा त्रास वाचला बघ.” त्यांच्या तोंडून निघालं म्हणजे मला त्यावर आणखी काही सांगायला नको.

अक्कांची पच्चडी (तेलुगू पद्धतीची चटणी)

शेजारच्या अक्का पूर्व भागातल्या पद्मशाली घरातल्या, तेलुगू बोलतात आणि मराठीही तितकंच सहज. मी गर पातेल्यात घालून गॅसवर ठेवायला निघाले होते तेव्हा त्यांनी हात धरला. “अगं, हे शिजवायचं नाही. कढईतलं सगळं गार होऊ दे, मग उखळात दोन घाव घाल, झालं.” फळाला बराच वेळ उष्णता लागली की ते कडवट होतं, आणि आंबट-तिखटात तो कडूपणा उठून दिसतो. अक्कांनी हे फळ पहिल्यांदाच हाताळलं होतं, पण कुठल्या वस्तूला किती आच द्यायची हे त्यांना चाखून कळतं.

चार हिरव्या मिरच्या, लसणाच्या चार पाकळ्या आणि अर्धा चमचा जिरं चमचाभर शेंगतेलात परता. मिरचीवर पांढरे फोड आले की उतरवा. भाजून सोललेले दोन मोठे चमचे शेंगदाणे, एक मोठा चमचा चिंचेचा कोळ, मीठ आणि हे परतलेलं सगळं गार करून उखळात भरड कुटा. आता फळाचा गर घाला. फळ नुकतंच पिकलेलं, जरा घट्ट असू द्या. दोन-तीन घाव पुरे, गर दिसला पाहिजे. वरून फोडणी, मोहरी, अर्धा चमचा उडदाची डाळ, एक सुकी मिरची, कढीपत्ता. फोडणी कोमट होऊ द्या आणि मग ओता. गरम भाताबरोबर हिची बरोबरी करणारं दुसरं काही मला माहीत नाही. उरली तर फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत, त्यापुढे नाही.

ठेच्यातही हेच तंत्र. मिरची-लसूण ठेचून झाल्यावर शेवटी अर्ध्या फळाचा गर घालून एक वेढा फिरवा. तिखट खाण्याची सवय नसलेली पुण्या-मुंबईची माणसं असा ठेचा आवडीनं खातात. शेंगांच्या आमटीवरही वाढताना पळीभर मोडलेला गर सोडता येतो, पण आमटी ताटात आल्यावर, उकळत्या पातेल्यात नाही.

धपाटे

इथं गर दह्याची आणि मोहनाची अशी दोन्ही कामं एकदम करतो. तव्यावर दोन-तीन मिनिटांचीच आच लागते, मसाला भरपूर असतो, त्यामुळे कडूपणाचा प्रश्न येत नाही.

दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी गव्हाचं, पाव वाटी बेसन. चार हिरव्या मिरच्या, लसणाच्या आठ पाकळ्या आणि एक चमचा जिरं वाटून घ्या. कोथिंबीर, एक बारीक चिरलेला कांदा, हळद, तीळ, मीठ, एका मोठ्या लिंबाचा रस. एका मोठ्या पिकलेल्या फळाचा गर आधी बोटांनी पिठात चोळा, शंकरपाळ्याला मोहन चोळतो तसा. पीठ रवाळ झालं की मगच पाणी, आणि तेही दोन-दोन चमचे. दही घालून मळायची सवय असलेला हात इथं पाणी जास्त घालतो आणि पीठ सैल पडतं, कारण गरातलं पाणी मळताना हळूहळू सुटतं. पीठ जरा घट्ट वाटलं तरी पाच मिनिटं झाका, आपोआप मऊ होईल.

ओल्या सुती फडक्यावर थापा, मध्ये बोटानं भोकं पाडा, तापल्या तव्यावर उलटा, फडकं सोलून काढा. भोकांत आणि कडेनं तेल. मध्यम आचेवर दोन्ही बाजू खरपूस करा. ज्वारीला चिकटपणा नसल्यामुळे कडा फुटतात, म्हणून ते गव्हाचं पीठ वगळू नका. पीठ भिजवलं की लगेच करा. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना डब्यात न्यायला हे चांगले, पण दह्याच्या धपाट्यांसारखे दुसऱ्या दिवसावर ठेवू नका.

भट्टीत काय चालतं, काय नाही

लोण्यात ऐंशी टक्क्यांच्या वर स्निग्धांश आणि थोडंसंच पाणी असतं. अ‍ॅव्होकाडोच्या गरात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी. म्हणून लोण्याच्या वजनाएवढाच गर घातला तर केक मऊ आणि ओलसर होतो, पण बिस्किट कुरकुरीत होत नाही. जिथं पदर सुटायला हवेत, म्हणजे खारी आणि पफ, तिथं हे फळ वापरूच नका. खारीचे पदर घट्ट चरबीच्या थरांमुळे सुटतात, आणि ते काम गराकडून होणार नाही. बिस्किटांना गर आणि तेल मिळून वापरावं लागतं.

तिखट ज्वारी बिस्किटं. १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ, १०० ग्रॅम गव्हाचं, ६० ग्रॅम गर, ३० मिली तेल, पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा ओवा, एक चमचा तिखट, दोन चमचे तीळ, चमचाभर लिंबाचा रस. तेल आणि गर पिठाला चोळून, लागेल तेवढ्याच पाण्यात घट्ट मळा. दोन कागदांमध्ये ठेवून शक्य तितकं पातळ लाटा, काट्यानं टोचा, चौकोन कापा. १७० अंशांवर १८ ते २२ मिनिटं. कडेची बिस्किटं आधी तांबूस होतात, ती आधी काढा. बाहेर काढल्यावर जरा मऊ वाटतील, गार झाल्यावर कडक होतात. तरीही मधली नरम राहिली तर ओव्हन बंद करून त्याच उबेत दहा मिनिटं परत ठेवा. आठवडाभर हवाबंद डब्यात राहतात. माझ्या डब्याच्या गिऱ्हाइकांत ही सर्वांत जास्त जातात.

नानकटाई करायची तर खोबरेल तेल घ्या. ते साधारण २४ अंशांवर वितळतं, म्हणजे सोलापुरात वर्षातले बहुतेक महिने पातळच असतं. वापरायच्या आधी फ्रीजमध्ये घट्ट करून घ्या, नाहीतर नानकटाई पसरते. ८० ग्रॅम घट्ट खोबरेल, ४० ग्रॅम गर, ९० ग्रॅम पिठीसाखर हाताने फेसा. त्यात १२० ग्रॅम गव्हाचं पीठ, ६० ग्रॅम ज्वारीचं, ३० ग्रॅम बेसन, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा दालचिनीची पूड. दालचिनी आणि अ‍ॅव्होकाडो ही एकाच कुळातली झाडं आहेत, आणि चवीतही त्यांचं चांगलं जमतं. गोळे करून अर्धा तास फ्रीजमध्ये, मग १७० अंशांवर १८ ते २० मिनिटं. रंग किंचित हिरवट येतो. तो नको असेल तर बेसन आधी कोरडं खमंग भाजून घ्या.

चॉकलेट केक. ऑर्डरी येतात त्या याच्याच. अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. १२० ग्रॅम गव्हाचं पीठ, ६० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कोको, एक चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ हे सगळं दोनदा चाळा. १२० ग्रॅम गर मिक्सरला फिरवून गाळणीतून काढा. ही पायरी टाळू नका. गाठ राहिली तर कापल्यावर केकमध्ये हिरवा ठिपका दिसतो आणि लहान मुलं तिथंच थांबतात. गाळलेल्या गरात १८० ग्रॅम गुळाची पावडर, दोन मोठे चमचे तेल, २०० मिली पाणी आणि व्हॅनिला घालून एकजीव करा. कोरडं त्यात घाला, फक्त मिसळेपर्यंत हलवा. शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर. ते पडताच सोडा काम करायला लागतो, तेव्हा आता रेंगाळू नका. आधीच तेल लावून कागद घातलेल्या ७ इंची डब्यात ओता आणि तापलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. विणायची सुई मध्ये घालून बघा, एखादा ओला कण लागला तरी चालेल, पीठ लागता कामा नये.

गर अधिक घातला तर केक अधिक चांगला होईल असं वाटतं, पण १२० ग्रॅमच्या पुढे तो मध्ये बसतो. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, त्यावर स्टँड ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापवा. मग मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं. कुकर वापरत असाल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढून ठेवा.

वरच्या क्रीमसाठी एका हास फळाचा गाळलेला गर, चार मोठे चमचे कोको, पाऊण वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा लिंबाचा रस. फिरवून फ्रीजमध्ये तासभर. हे क्रीम उन्हाळ्यात बाहेर तासभरच टिकतं, म्हणून केक घेऊन जाणाऱ्यांना मी कापायच्या वेळी लावायला क्रीम वेगळ्या डबीत देते. वर चॉकलेट किसायचं असेल तर पाकीट उलटून वाचा. डार्क लिहिलेल्या कित्येक चॉकलेटांतही दुधाची पावडर असते.

गोड

गोडात अ‍ॅव्होकाडो म्हटलं की लोक दचकतात. ब्राझीलमध्ये तर लोक हे साखर-लिंबू घालून गोडच खातात, आणि इंडोनेशियात याच्या शेकमध्ये चॉकलेट सिरप सोडतात. दूध नको असेल तर आपल्याकडे शेंगदाण्याचं दूध आहे. वाटीभर शेंगदाणे रात्री भिजत घाला, सकाळी चोळून सालं काढा, तीन वाट्या पाण्यात वाटा, फडक्यातून पिळा. मग हे दूध सतत ढवळत दहा मिनिटं उकळा, त्याशिवाय कच्चा वास जात नाही. फडक्यातला चोथा धपाट्याच्या पिठात जातो. गार दूध दोन वाट्या, कूर्गच्या फळाचा वाटीभर गर, दोन मोठे चमचे गूळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ. मीठ विसरलात तर शेक सपक लागेल.

आंब्याच्या दिवसांत आमरसात घाला. दोन वाट्या केशर आंब्याचा रस आणि एक वाटी गर, वेलदोडा, चवीला साखर. फिरवून गार केलं की चमच्यात उभं राहतं, आम्रखंडाची हौस भागते. प्रमाण दोनास एकच ठेवा. गर वाढला की पिवळ्यावर हिरवं चढतं आणि आंबा मागे पडतो.

चॉकलेटचं पुडिंग सगळ्यात सोपं. दहा-बारा बिनबियांचे खजूर गरम पाण्यात अर्धा तास, मग दोन फळांचा गर, चार मोठे चमचे कोको, पाव वाटी नारळाचं दूध, मीठ आणि दालचिनी घालून अगदी गुळगुळीत होईपर्यंत फिरवा. दोन तास फ्रीज. वर आपल्या सोलापूरचं डाळिंब. त्याचा आंबटपणा या जड गोडाला हवाच असतो, शोभेसाठी टाकत नाही.

ध्यानात ठेवण्यासारखं

मुलीच्या डब्यात मी फळाबरोबर शेंगा, डाळ किंवा उसळ कायम ठेवते. १०० ग्रॅम गरात प्रथिनं जेमतेम दोन ग्रॅम असतात आणि शेंगदाण्यात साधारण २५. पोट भरल्यासारखं होतं, पण नुसत्या अ‍ॅव्होकाडोवर जेवण भागत नाही. दूधदुभतं पूर्ण सोडणाऱ्यांनी बी-१२ साठी डॉक्टरांशी बोलून घ्यावं, ते या फळात नाही आणि भाजीपाल्यातही नाही. रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असणाऱ्या काहींना केळ्याप्रमाणे अ‍ॅव्होकाडोचीही होते, त्यांनी जपून खावं.

साली आणि बिया गाई-शेळ्यांना टाकू नका. भाजीची सालं आपण सवयीनं दारातल्या शेळीपुढे टाकतो, पण या झाडाच्या पानांत, सालीत, बीत पर्सिन नावाचं द्रव्य असतं, ते शेळ्या, घोडे आणि पक्ष्यांना बाधतं. पिंजऱ्यातल्या पोपटाला गरसुद्धा देऊ नका. बी वाळवून पूड करून खायचे सल्ले फिरतात, तेही मी पाळत नाही. सगळं मातीत पुरते.

फळं एकदम पिकली तर गर काढून, प्रत्येक फळाला चमचाभर लिंबाचा रस घालून, १२० ग्रॅमच्या पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवा. पुडीतली हवा दाबून काढा आणि वर तारीख लिहा, तीन-चार महिने टिकतात. वितळल्यावर गर जरा पाणचट होतो, म्हणून तो चटणीला आणि पच्चडीला घेऊ नका. केकला एक पुडी बरोबर पुरते, आणि धपाट्याला घेतलात तर पिठात पाणी आणखी कमी घाला.